वसंतात पाणथळीवर पक्षी पाहायला आणि फोटो काढायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणथळीवर पहिल्यांदा येणारी मंडळी निरनिराळ्या शब्दांत बहुधा एकच गोष्ट विचारतात: पक्षी जवळून कसा दिसेल, आणि जवळून फोटो कसा मिळेल? माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. एक जागा धरा, बसा, आणि पक्ष्याला तुमच्याकडे येऊ द्या. असं का, ते पुढच्या प्रश्नांमधून उलगडेल.

पक्षी तर हिवाळ्यात जास्त असतात. मग वसंतात का जायचं?

पाहुणे पक्षी जिथे हिवाळा काढतात, तिथे संख्या हिवाळ्यात जास्त भरते हे खरं. पण वसंतात घडामोडी जास्त असतात. परतीच्या वाटेवरचे पक्षी अजून गेलेले नसतात, वाटेत विसावा घेणारे उतरत असतात आणि तिथेच राहणाऱ्यांनी घरट्यांसाठी काड्या उचलायला सुरुवात केलेली असते. एकाच पाण्यावर तिन्ही गोष्टी एकाच वेळी चाललेल्या दिसतात.

शिवाय पिसारा बदलतो. हिवाळाभर राखाडी दिसलेला काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेवर आणि छातीवर विटकरी होऊ लागतो. हा बदल एका रात्रीत होत नाही. एकाच थव्यात कुणी पूर्ण रंगलेला, कुणी अर्धवट, तर कुणाच्या छातीवर नुसते दोन-चार विटकरी ठिपके, असे सगळे टप्पे शेजारी-शेजारी उभे असतात. मोठ्या बगळ्याच्या डोळ्यापुढची पिवळी कातडी हिरवी होते आणि पाठीवरून जाळीसारखी नाजूक पिसं शेपटीपलीकडे लोंबू लागतात. एकोणिसाव्या शतकात बायकांच्या टोप्या सजवायला हीच पिसं लागायची आणि त्यापायी ऐन विणीच्या वसाहतींवर बंदुका चालायच्या. या व्यापाराविरुद्ध १८८९ साली इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी काही स्त्रियांना एकत्र आणलं. ब्रिटनमधली आजची पक्षीसंरक्षणाची मोठी संस्था, आरएसपीबी, त्यातूनच उभी राहिली. तो पिसारा फुललेला पाहताना मला दर वेळी हे आठवतं.

तुरेवाल्या मोठ्या टिबुकल्यांची जोडी दिसली, तर बाकी सगळं सोडून तिच्याकडे बघत बसा. आधी समोरासमोर माना हलवणं, मग बुडी, मग चोचीत पाणवनस्पती घेऊन वर येणं, आणि शेवटी पाय मारत छातीला छाती भिडवून दोघांनी पाण्यातून उभं राहणं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९१४ साली या नाचाचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात तो आजही मैलाचा दगड मानतात.

पाणथळ म्हणजे नुसतं तळं का?

नाही. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर इथे झालेल्या करारात पाणथळीची व्याख्या चांगलीच ऐसपैस ठेवली आहे. तळी, दलदली, नदीकाठ, खाजणं, मिठागरं, भातखाचरं हे सगळं तीत बसतं, आणि ओहोटीच्या वेळी ज्याची खोली ६ मीटरपेक्षा जास्त नसते असं समुद्राचं पाणीसुद्धा. २ फेब्रुवारी हा दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. १९७० ते २०१५ या काळात जगातल्या नैसर्गिक पाणथळींपैकी सुमारे ३५ टक्के नाहीशा झाल्या. उरलेल्या जागांवर पक्ष्यांची एवढी दाटी का होते, याचं हेही एक कारण आहे.

किती वाजता पोचावं?

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तुम्ही जागेवर बसलेले असावं. त्या वेळी गाडीतून उतरत असाल तर उशीर झाला असं समजा. अंधारात आलेला माणूस उजाडेपर्यंत पक्ष्यांच्या लेखी त्या जागेचाच भाग झालेला असतो.

फोटोच्या दृष्टीने सकाळ महत्त्वाची ती मऊ उजेडामुळे, आणि त्याहीपेक्षा हवेमुळे. ऊन चढलं की चिखलावरून आणि पाण्यावरून झळा उठतात. मग लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. ही झळ कुठल्याही महागड्या लेन्सने जात नाही. फोटो धूसर आला म्हणून लोक लेन्सला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा मधल्या तापलेल्या हवेचा असतो. त्या वेळी लांबचे फोटो सोडून द्यावेत आणि जवळचं काही टिपावं.

जागा समुद्राकाठची असेल तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगतात. भरतीचं पाणी चढू लागलं की तेच पाणी त्यांना हळूहळू काठाकडे आणतं. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी काठावर जाऊन बसलात, तर एक पाऊलही टाकावं लागत नाही.

पक्ष्याच्या किती जवळ जावं?

मीटरमध्ये आकडा सांगता येणार नाही. सवयीचा बगळा दहा पावलांवर उभा राहतो, आणि तोच बगळा दुसऱ्या पाणथळीवर शंभर पावलांवरून उडतो. नियम साधा आहे: तुमच्यामुळे पक्ष्याने हातातलं काम थांबवलं की तुम्ही जास्त जवळ आलात.

वसंतात हा नियम आणखी कडक पाळावा लागतो. लांब पल्ल्याचे वेडर, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी, निघण्याआधी अंगात चरबी साठवतात. काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा तर उड्डाणाआधी पोटातले पचनाचे अवयवही आक्रसून घेतो, कारण वाटेत खायला थांबायचं नसतं. २०२२ साली उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलेल्या एका तरुण पाणटिवळ्याने अलास्का ते टास्मानिया असं सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. अशा प्रवासाची सगळी शिदोरी चिखलातून एकेक किडा वेचून जमवलेली असते. आपण थवा उडवला की खाण्याचा वेळ बुडतो आणि साठवलेली चरबीही जळते. ऊन चढेपर्यंत माझ्यासारखे आणखी चार जण त्याच काठावरून चालत येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकदाच तर उडवले.

मी स्वतः हे केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत वीस-पंचवीस पाणटिवळे उथळ पाण्यात खात होते. मला उजेड हवा तसा मिळत नव्हता, म्हणून बांध उतरून चार पावलं पुढे गेलो. पहिल्या दोन पावलांना माना वर झाल्या. तिसऱ्याला खाणं थांबलं. चौथं पाऊल मी टाकायला नको होतं. सगळा थवा उठला, एक गिरकी घेतली आणि पलीकडच्या काठालाही न टेकता दिसेनासा झाला. दुपारपर्यंत तिथे बसलो, ते परत आले नाहीत. फोटोत उडणाऱ्या पाठी आल्या. ती चौकट मी अजून जपून ठेवली आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक पक्ष्याचा घास मी हिरावला होता.

पक्षी बिथरायला लागलाय हे आधी कसं कळेल?

मान ताठ होते. चरणं थांबतं. एक डोळा तुमच्यावर रोखून पक्षी तिरका उभा राहतो. मग तो चालत दूर जाऊ लागतो, आणि हा शेवटचा इशारा. बदकं एकदम घोळका करून पाण्याच्या मधोमध सरकू लागतात. शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत असेल तर जवळपास त्याची अंडी किंवा पिल्लं आहेत, आल्या वाटेने मागे फिरा. पण सगळं पाणी एकदम उठलं, तर आधी आकाशात बघा. बऱ्याचदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यालगत खालून उडत आलेला असतो, तुमचा काही दोष नसतो.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर रुंदीची उजेडाची खिडकी डोळ्याला मिळते, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात हीच कामी येते. दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा परीघ आक्रसतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का, हे घेण्याआधी स्वतः डोळ्याला लावून बघा.

मोठ्या पाण्यावर तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, फार उपयोगी पडतो. पण तो नंतर. आधी दुर्बीण, आणि माझं ऐकाल तर कॅमेऱ्याच्याही आधी दुर्बीण.

चिखलातले सगळे पक्षी तपकिरीच दिसतात. ओळखायचे कसे?

रंग सोडा. चोच बघा, पाय बघा, आणि मुख्य म्हणजे तो खातो कसा ते बघा.

पाणटिवळ्याची चोच लांब आणि सरळ असते. तो ती चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर करतो आणि कधी कधी डोळ्यांपर्यंत डोकं पाण्यात घालतो. एकदा एक पाणटिवळा लपणगृहाच्या (लपून पक्षी बघायच्या खोपीच्या) इतका जवळ आला की चोचीची मधली हालचाल मला स्पष्ट दिसली. चोच बंदच होती, फक्त टोक तेवढं वर उचललं गेलं, चिमट्यासारखं. त्या टोकात संवेदनेचे असंख्य सूक्ष्म खळगे असतात आणि चिखलाच्या आतला किडा त्यांना जाणवतो. किडा वर आला, दोनदा झटकला गेला आणि लांब चोचीवरून घशाकडे सरकला. चोचीच्या बुडाशी चिखलाचा एक थेंब लोंबत राहिला, पुढच्या बुडीपर्यंत.

छोटा कंठेरी चिखल्या याच्या अगदी उलट. चोच आखूड, डोळे मोठे. पळतो, थांबतो, बघतो, टिपतो. तो डोळ्यांनी शिकार करतो. तुतवार शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत काठाकाठाने चालतो. चमचा हा पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच पाणी गाळते, आणि त्यांचा घोळका गोल गोल पोहत तळातलं खाद्य वर आणतो. खाण्याच्या या तऱ्हा एकदा डोळ्यांत बसल्या की उन्हाविरुद्ध नुसती काळी आकृती दिसली तरी नाव सांगता येतं. शेकाट्याला मात्र कशाचीच गरज नाही. इतके लांब गुलाबी पाय दुसऱ्या कुणाचे दिसले तर मला कळवा.

फोटोसाठी कुठला कॅमेरा आणि लेन्स लागते?

४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते. त्याहून लहान असेल तर पक्षी त्याच्या परिसरासकट टिपा. लव्हाळं, पाणी आणि त्यात एक लहानसा बगळा, असे फोटो मला नुसत्या डोक्याच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात. मोबाईलच असेल तर तो दुर्बिणीच्या किंवा स्कोपच्या डोळ्याकडच्या भिंगाला लावून ओळखीपुरता फोटो सहज निघतो.

सेटिंग काय ठेवू?

शटरचा वेग उभ्या पक्ष्याला १/५०० ते १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० आणि त्याहून जलद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते पांढऱ्या पक्ष्यांचे. गडद पाण्यासमोर छोटासा बगळा असेल तर कॅमेरा पाण्याचा अंधार मोजतो, सगळं उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा नुसता पांढरा डाग होतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एका टप्प्याने खाली आणा. तोच बगळा चौकटभर असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, मग थोडं वर न्या. उजळ आकाशासमोरच्या घारीलाही वर न्यावं लागतं, नाहीतर नुसती काळी सावली येते. कॅमेरा काय मोजतोय हे कळलं की आकडे पाठ करायची गरज उरत नाही.

आणि खाली बसा. शक्य असेल तर पालथे पडा. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आली की मागचा चिखल, पाणी, गवत सगळं विरघळून जातं. बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी जमिनीला चिकटवल्यासारखा दिसतो.

उडत्या पक्ष्याचा फोटो जमतच नाही.

वाऱ्याकडे पाठ करा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते तुमच्या दिशेने येतात. ऊनही पाठीशी असेल असा दिवस मिळाला तर दुसरीकडे कुठे जाऊच नका.

पक्षी उडायच्या बेतात आहे हेही ओळखता येतं. तो पुढे झुकतो, पाय किंचित दुमडतो, अंग आखडून घेतो, आणि बगळे-घारी पुष्कळदा आधी शिटतात. तेवढा एक क्षण तुम्हाला मिळतो.

लपणगृहात कसं वागायचं?

हळू बोलायचं, दार आपटायचं नाही, खिडकीबाहेर हात किंवा लेन्सचं तोंड काढायचं नाही. जागा कमी असेल तर आपला फोटो झाल्यावर खिडकी दुसऱ्याला द्यायची. मोबाईल मुका, कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत असेल तर बंद. फ्लॅश अजिबात नको.

कपडे?

मातकट, पानांशी मिळतेजुळते. पांढरा नको. सैनिकी छापाची गरज नाही, कारण पक्ष्यांना रंगाआधी हालचाल दिसते. टोपी, पिण्याचं पाणी आणि चिखलात चालतील असे बूट.

घरटं सापडलं तर फोटो काढावा का?

नको. या एका बाबतीत मी कुणाचीही मध्यम वाट मानत नाही.

तुमच्या पायाखाली दबलेल्या गवताची वाट कोल्ह्या-मुंगसाला कळते, आणि तुम्ही थांबलात तिकडे कावळा लक्ष ठेवून असतो. अंड्यांवरून उठलेली मादी बाहेर असेपर्यंत अंडी उन्हात तापतात किंवा गारठतात. छोट्या कंठेरी चिखल्याला तर घरटं म्हणावं असं काही नसतंच. उघड्या खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी अंडी असतात, आणि ती दिसण्याआधी पायाखाली येतात. चिखल्या तुमच्यासमोर पंख मोडल्यासारखा खुरडत चालू लागला, तर तो जखमी नाही. तो तुम्हाला अंड्यांपासून दूर नेतोय. त्याचा व्हिडिओ काढत थांबू नका. आल्या पावलावर पाऊल ठेवून मागे या.

पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बाहेर बोलावणंही याच जातीचं. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून तो खाणं-पिणं सोडून त्याला शोधत फिरतो. ड्रोन तर पाणथळीच्या आसपासही आणू नका.

पक्ष्यांखेरीज काय बघावं?

ऊन चढलं की मी खाली बघायला लागतो. चतुर पुन्हा पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, म्हणून तो उडाला तरी कॅमेरा काडीवरच रोखून ठेवा. भर उन्हात काही चतुर शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतात, कारण तसं केलं की अंगावर ऊन कमी पडतं. टाचण्या, म्हणजे चतुरांचे सडपातळ भाऊबंद, पंख मिटून बसतात, चतुर पसरून. ओंडक्यावर ऊन खाणारी कासवं पाण्याच्या बाजूने आलेली सावली पाहताच टपटप पाण्यात पडतात. पाणमांजर दिसणं नशिबाचा भाग, पण काठावरच्या दगडावर माशांचे काटे आणि खवले असलेली विष्ठा दिसली तर तिथे संध्याकाळी लांबून नजर ठेवायला हरकत नाही.

आणि छोटा निळा खंड्या. चोच पूर्ण काळी असेल तर नर, खालची चोच तांबूस असेल तर मादी. मासा पकडल्यावर तो फांदीवर आपटतो आणि मग चोचीत फिरवतो. डोकं स्वतःकडे असेल तर तो स्वतः गिळणार, कारण डोक्याकडून गिळलं की कल्ले-खवले घशात अडत नाहीत. माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून तो उडाला, तर तो मासा दुसऱ्या कुणासाठी आहे. वसंतात हे हमखास बघायला मिळतं. त्याच्या मागे मात्र जायचं नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात? हजारभर बदकं कोण मोजणार?

आधी दहा मोजा. दहा पक्षी पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या. तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, आणि मग शंभराच्या मापाने थवा मोजत जा. सरावाने अंदाज पक्का होत जातो. वेळ, जागा, किती वेळ थांबलात आणि जे दिसले ते सगळे पक्षी लिहा. दुर्मीळ तेवढेच लिहिलेत तर ती यादी पुढे कुणाच्या कामाची राहत नाही. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा पूर्ण याद्या टाकता येतात. घरट्यांची नेमकी जागा मात्र तिथेही नको आणि फोटोखालीही नको.

मुलांना न्यावं का?

जरूर. कॅमेरा न देता दुर्बीण द्या, आणि तासाभराने निघायची तयारी ठेवा. एकटं बसलेलं पिल्लू दिसलं तर ते मुलांना उचलू देऊ नका. त्याचे आईबाप बहुधा आपण जायची वाट बघत असतात.

मेलेले पक्षी दिसले तर?

हात लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता असते. जागा लक्षात ठेवा आणि तिथल्या वन विभागाला किंवा पाणथळीच्या व्यवस्थापनाला लगेच सांगा. एकाच ठिकाणी बरेच मेलेले असतील तर थांबूच नका.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला. काय करू?

हा फोटो काढाच, सुंदर येवो न येवो. १८९९ साली डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. तेव्हापासून हे काम चालू आहे, आणि पक्षी कुठून कुठे जातात याचं बरंचसं ज्ञान अशा कड्यांमधूनच आलं आहे. पट्टीचा रंग, तिच्यावरची अक्षरं, कुठल्या पायात आहे, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि दोन पट्ट्या असतील तर वरून कुठली आधी, हे सगळं तिथल्या तिथे वहीत लिहा. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, तुमच्या डाव्या हाताचा नव्हे. इथे हमखास चूक होते. फोटो हललेला, कलता, लांबचा असला तरी पाठवा. अक्षरं वाचता येत नसतील तर पक्षी पाण्याबाहेर येईपर्यंत थांबा. तो काठावर येतो, एका पायावर उभा राहतो आणि दुसरा पाय पोटात घेतो, आणि पट्टी नेमकी त्याच पायात असते. अशा वेळी थर्मासमधला चहा काढायचा आणि वाट बघायची.